काढलेला विमा

१

बाबांना जाऊन महिना होत आला होता, तेव्हा मला कळलं की दारातल्या नव्या गाडीच्या कर्जाला विमाच नव्हता.

कळलं तेही फोनवर. कर्ज देणाऱ्या कंपनीतल्या मुलीनं पहिल्या हप्त्याची आठवण करून द्यायला फोन केला होता. बाबांना बोलवा, म्हणाली. मी काय ते सांगितलं. एव्हाना ते वाक्य मला न अडखळता म्हणता यायला लागलं होतं.

"त्यांनी कर्जविमा घेतला असणार," मी म्हटलं. "कर्ज घेणाऱ्याला काही झालं तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटतं, तो. जरा बघता का?"

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला.

"हो मॅडम. कर्जविमा काढलेला आहे."

मी खुर्चीला पाठ टेकली. "मग हप्त्याचा प्रश्नच उरत नाही."

"नाही, तसं नाही मॅडम. काढलेला म्हणजे काढून टाकलेला. शोरूमनं आधी दिलेल्या अंदाजात होता. शेवटच्या कागदांत नाही. ग्राहकाला नको होता, असं कळवलंय त्यांनी. गाडीचा विमा आहे, चोरीचा, अपघाताचा. कर्जाचा नाही."

मी फोन ठेवला. आई समोर बसून मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"काही शोधत बसू नकोस," ती म्हणाली. "मी होते ना तिथे. तेच म्हणाले, राहू दे."

एक दाणा टेबलावरून घरंगळून खाली गेला. तो तिनं उचलला नाही. माझ्या आईनं पडलेला दाणा न उचलणं ही साधी गोष्ट नव्हती.

२

बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावली आणि स्वतः मात्र बारीक अक्षरातलं काही कधी वाचलं नाही. "बारीक अक्षर हे गिऱ्हाइकासाठी असतं," असं ते म्हणायचे. गाडी घेतली ती आईसाठी. तिचे गुडघे बसची पायरी चढेनासे झाले होते, आणि रिक्षात बसताना ती देवाचं नाव घ्यायची. शोरूममध्ये जायच्या आदल्या दिवशी मला फोनवर म्हणाले होते, "मी कर्जविमा घेणार आहे बरं का. मधेच मला काही झालं तर तुझ्या आईच्या गळ्यात हप्ते नकोत." मी म्हटलं, बाबा, कशाला असलं बोलता. तर म्हणाले, "बोलल्यानं होत असतं तर मी लॉटरीबद्दल बोललो असतो."

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आदल्या दिवशी ते पुष्कळ बोलायचे. सकाळी विसरायचे."

शोरूमच्या मॅनेजरशी तिचं बोलणं झालं होतं. शनिवारपर्यंत कळवलं तर गाडी परत घेतो, कर्ज त्यात मिटवून टाकू, असं तो म्हणाला होता. आईनं जवळजवळ होकार दिला होता.

"अगं, पण तुला गाडी लागणार आहे."

"मला ती दारात नको. येता-जाता दिसते. माझ्यासाठी घेतली म्हणायचे. माझा विचार केला असता तर तेवढं एक राहू दे म्हणाले नसते."

तिला पैशाचं दुःख नव्हतं. हप्ते मी भरले असते, हे तिला माहीत होतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसानं शेवटच्या हिशेबात आपल्याला धरलं नाही, हे तिला सोसत नव्हतं. आणि ज्याला विचारायचं तो माणूस उरला नव्हता.

मी आत्याला फोन केला.

आत्या बाबांची धाकटी बहीण. कोर्टात लघुलेखिका होती. लोक बोलतील ते जसंच्या तसं टिपून घेण्यात तिचा जन्म गेला, त्यामुळे घरातल्या कोणत्याही भांडणात तिला साक्षीला बोलवायला सगळे घाबरत. ती संध्याकाळीच आली, पिशवी खुंटीला लावली आणि आईसमोर बसली.

"वहिनी, सगळं सांग. सुरुवातीपासून. आणि तुला काय वाटलं ते नको. काय पाहिलंस, काय ऐकलंस, तेवढंच."

"वन्सं, मी काय आरोपी आहे?"

"साक्षीदार. आरोपीला आम्ही चहा देत नव्हतो. तू मला दे."

आईला हसू आलं नाही, पण ती उठली आणि चहा टाकता टाकता बोलू लागली. बाबा शोरूममधल्या काचेच्या खोलीत बसले होते. ती बाहेर गाडीचा रंग उन्हात कसा दिसतो ते बघत होती. विक्रेता पोरगा खोलीचं दार अर्धवट उघडून, आत डोकं घालून काहीतरी बोलला. त्याची पाठ तिच्याकडे होती.

"तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण यांचा आवाज दुकानदाराचा. 'राहू दे' म्हणाले ते स्पष्ट ऐकलं. मग तोच पोरगा बाहेर आला आणि मला म्हणाला, काकू, कर्जविमा काढू का विचारलं, तर काका म्हणाले राहू दे."

"आणि तू दादाला काही विचारलं नाहीस?"

"नव्या गाडीच्या दिवशी कुठे वाद घालायचा? म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. मग राहूनच गेलं."

चहा उतू गेला. आत्यानं उठून गॅस बंद केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या शोरूमला जाऊ. या घरात तरी कोणी खोटं बोलत नाहीये."

३

शोरूम म्हणजे नुसता काचेचा डबा. गाड्या आत आणि माणसंही आत, दोघांवर सारखाच उजेड. विक्रेता पोरगा आम्हाला बघून धावत आला. आत्यानं पाच मिनिटांत त्याचं नाव 'मधाचं बोट' ठेवलं.

"या मावशी, या! पाणी देऊ? सरबत देऊ?"

"मी कोणाची मावशी नाही. मी आत्या आहे, आणि तीही हिची. बस."

तो बसला. बाबांचं कळलं तेव्हा त्याला खरंच वाईट वाटलं असावं. त्याचा चेहरा उतरला आणि क्षणभर तो शाळकरी पोरासारखा दिसला. "काका फार भले होते हो. माझा चष्मा हातात घेऊन म्हणाले, ही काडी वाकडी आहे, म्हणून तुला सगळे ग्राहक तिरके दिसतात. तिथल्या तिथे सरळ करून दिली."

मी टेबलाकडे बघत राहिले. आत्याला माझी अवस्था कळली असणार, कारण तिनं लगेच कामाला हात घातला.

"गाडीचा आकडा तू कसा सांगतोस?"

"सगळं धरून!" तो पुन्हा फुलला. "गाडी, नोंदणी, गाडीचा विमा, कर्जविमा, सीटची कव्हरं, सगळं. लपवाछपवी नाही. मागून एकेक वाढवत गेलं की ग्राहकाला लुबाडल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा मी म्हणतो, हा घ्या डोंगर, यातलं काय जड होतंय ते सांगा, मी काढतो. लोक खूश होतात. आपणच कमी करून घेतलं असं वाटतं त्यांना."

"आणि दादाला काय विचारलंस?"

"कर्जविम्याचं विचारलं. कर्जविमा काढू का, म्हटलं. ते म्हणाले, राहू दे."

"नक्की हेच शब्द?"

"देवाशपथ. कर्जाच्या टेबलावर जाऊनही मी हेच सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही." तो पुढे झुकला. "उलट काकांचं मी भलंच केलं. हप्ता कमी करून आणला ना वरून! त्यांचा फोनसुद्धा आला होता मला. म्हणाले, अरे, सांगितला होतास त्यापेक्षा हप्ता कमी कसा आला? चुकला तर नाहीस? मी म्हटलं, काका, तुमच्यासाठी काय पण! काय खूश झाले होते."

मला तो माणूस एकदम नकोसा झाला. विमा गेल्यावर हप्ता कमी होणारच, यात यानं काय दिवे लावले? मी तसं बोलणारच होते. आत्यानं टेबलाखाली माझा पाय दाबला.

"शाबास," ती त्याला म्हणाली. "कर्जाचं टेबल कुठे आहे?"

४

कर्जाच्या टेबलावरच्या बाई पन्नाशीच्या, बारीक, ताठ. टेबलावर एक कागद वाकडा नव्हता. आम्ही कोण ते कळल्याबरोबर त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि पुढचं सगळं बोलणं त्या पेन दोन्ही हातांत फिरवत बोलल्या.

"माझ्याकडून काही चूक झालेली नाही."

"मी कुठे म्हटलं?" आत्या म्हणाली.

"म्हणतीलच. इथे काही बिघडलं की माझ्यावर येतं. विकणारे विकून मोकळे होतात. माझ्यासमोरचा पडदा कोरा असतो. ग्राहकाला हवं ते एकेक मी त्यात भरते. दिवसभर लोकांचे विमे काढत असते मी. कोणी हवा म्हटलं आणि मी काढला नाही, असं आजवर एकदाही झालं नाही."

"आणि कोणी नको म्हटलं तर?"

"तर नाही काढत. गळ्यात मारायची आमची पद्धत नाही. तुमच्या भावाला आम्ही विचारलं होतं. कर्जविमा काढू का? ते म्हणाले, राहू दे."

म्हणजे आई, विक्रेता आणि या बाई, तिघांचं अक्षर न् अक्षर एक. इथवर येताना मनात कुठेतरी मला एक चोर हवा होता. विम्याचे पैसे खाणारा, खोटी सही करणारा, कोणीही. चोर सापडला असता तर बाबा सुटले असते.

आत्या मात्र पुढे सरकली होती.

"बाई, 'आम्ही विचारलं' म्हणालात. आम्ही म्हणजे कोण? तुम्ही स्वतः दादाशी बोललात?"

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागचं दार उघडून मॅनेजर बाहेर आला.

"बाई, जरा आत या," तो म्हणाला. आणि आम्हाला, हात जोडून, "आपण उगाच त्रास घेताय. तिघे जण एकच सांगतायत, तुमच्या वहिनीसुद्धा. कागदांवर तुमच्या भावाची सही आहे. आणखी काय राहिलं?"

"तेच बघतेय," आत्या म्हणाली. "काय राहिलं ते."

५

परत येताना नव्या गाडीचा पुढचा खण आपोआप उघडला आणि बाबांचा वाचायचा चष्मा आत्याच्या मांडीवर पडला. प्रत्येक ठिकाणी एक जादा चष्मा ठेवायची त्यांची सवय. आत्यानं तो पुसला, काड्या मिटल्या आणि परत खणात ठेवला.

"कोण खोटं बोलतंय?" मी विचारलं.

"कोणीच नाही. तीच तर पंचाईत आहे. खोटं बोलणारे तिघे असले तर कुठेतरी धागा सुटतो. खरं बोलणाऱ्या तिघांना उसवायचं कुठून?"

"म्हणजे बाबांनीच नको म्हटलं."

"ते मी म्हटलेलं नाही. तू पुस्तकं एवढी वाचतेस, कान कधी उघडणार तुझे?"

रात्रीचं जेवण आईनं लवकर वाढलं. आत्याच्या ताटात भाजीचा ढीग झाला होता. ते बघून आई म्हणाली, "जास्त झाली का वन्सं? काढू का?"

"राहू दे," आत्या म्हणाली.

मी तेव्हा स्वयंपाकघरातून भाजीचं भांडं घेऊन येत होते. दारातूनच मागे वळले.

"अगं, कुठे चाललीस?" आत्या ओरडली. "मला आणखी लागेल. भाजी झक्क झालीय."

"आता आई 'काढू का' म्हणाली आणि तू 'राहू दे' म्हणालीस ना? मला वाटलं, नको झाली तुला."

"अगं, ताटातली काढू का असं—"

आत्याचं वाक्य तिथेच थांबलं. हातातला घासही. ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. मग तिनं घास खाली ठेवला.

"वहिनी, एक सांग. काचेतून तुला दादा दिसत होता ना? 'राहू दे' म्हणाला तेव्हा त्याचा हात कुठे होता?"

"हात?" आई वैतागली. "हाताचं काय घेऊन बसलात? टेबलावर तो आकड्यांचा कागद होता, त्याच्यावर त्यांनी असा..."

आणि तिनं आपला उजवा पंजा पालथा करून जेवणाच्या टेबलावर ठेवला. सपाट, अलगद.

तो हात मी लहानपणापासून ओळखत होते. दुकानात एखादं गिऱ्हाईक दहा फ्रेमी लावून बघायचं. त्यातली एखादी बाबांना पसंत पडली की ते तिच्यावर असाच पंजा ठेवायचे, दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून. नको असलेली फ्रेम ते उलट्या हातानं बाजूला सारायचे, काचेवरची धूळ झटकावी तशी.

आईसुद्धा आपल्या हाताकडे बघत होती. मग तिनं तो पटकन मांडीवर घेतला.

"हातानं काय होतंय?" ती म्हणाली. "तोंडानं तर राहू देच म्हणाले ना."

"उद्या तूही चल शोरूमला," आत्या म्हणाली. "गाडी परत द्यायची तर तुझी सही लागेल."

आत्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होती, हे तेव्हा मला कळलं नाही.

६

मॅनेजरच्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. आई दाराजवळ, पर्स मांडीवर घट्ट धरून. मधाचं बोट आणि कर्जाच्या बाई समोरासमोर उभे. मॅनेजरनं गाडी परत घ्यायचे कागद तयार ठेवले होते.

"सहीच्या आधी एक छोटी शंका आहे," आत्या म्हणाली. "तुम्हा दोघांना एक प्रश्न विचारते. एकमेकांकडे बघायचं नाही, विचार करायचा नाही, दोघांनी एकदम उत्तर द्यायचं. चालेल?"

"शाळा भरवलीत काय काकू?" मधाचं बोट हसलं.

"भरवली. ऐका. एका ग्राहकाचा कर्जविमा काढला. आता त्या ग्राहकाकडे कर्जविमा आहे की नाही?"

"नाही," विक्रेता म्हणाला.

"आहे," बाई म्हणाल्या.

दोघांचे शब्द एकमेकांवर आपटले. बाहेर कोणीतरी नव्या गाडीचा भोंगा वाजवून बघत होतं.

"असं कसं?" विक्रेता बाईंना म्हणाला. "काढला म्हणजे गेला ना!"

"काढला म्हणजे उतरवला," बाई म्हणाल्या. "विमा काढणं म्हणजे... अरे, सगळं जग तसंच म्हणतं."

"सगळं जग म्हणतं," आत्या म्हणाली, "पण हा पोरगा आकड्यांचा डोंगर पुढे ठेवून त्यातून एकेक उपसत असतो. याच्या तोंडी काढणं म्हणजे वजा करणं. हा तुमच्याकडे आला आणि म्हणाला, कर्जविमा काढू का विचारलं, तर राहू दे म्हणाले. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही यानं. कोर्टात मी टिपलं असतं तर तेच टिपलं असतं. तुम्ही स्वतः दादाला विचारलं नाहीत, बरोबर?"

"नाही," बाई हळूच म्हणाल्या. "याच्याकडूनच कळलं. माझा पडदा कोरा. काढू का, राहू दे. म्हणजे नको. म्हणून मी नाही काढला."

"आणि दादानं सांगितलं होतं, ठेव."

मॅनेजरनं घसा साफ केला. "माफ करा, पण हा तर्क झाला. तुमचे भाऊही जगातलेच. त्यांनीही 'काढू का' म्हणजे 'उतरवू का' असंच ऐकलं असेल. मग राहू दे म्हणजे नकोच."

याला काही उत्तर असेल असं मला वाटेना. आत्या मात्र या प्रश्नाची वाटच बघत असावी.

"बरोबर. म्हणून मला त्याचा फोन महत्त्वाचा वाटतो," ती विक्रेत्याकडे वळली. "हप्ता कमी आला म्हणून दादानं तुला फोन केला. काय म्हणाला होता?"

"की... कमी कसा आला? चुकला तर नाहीस?"

"ज्यानं स्वतः विमा नाकारला, त्याला हप्ता कमी आल्याचं नवल का वाटेल? स्वतःच केस कापून आल्यावर आरशात बघून कोणी म्हणतं का, अरे, केस कुठे गेले? दादाच्या हिशेबात विमा होता. म्हणून त्याला आकडा चुकल्यासारखा वाटला, आणि भला माणूस स्वतःच्या फायद्याची चूकसुद्धा कळवायला गेला. त्या वेळी तू खरं कारण शोधलं असतंस तर सगळं तिथेच निस्तरलं असतं. तू काय म्हणालास?"

पोराच्या गालावरचं हसू कधीच उतरलं होतं. "तुमच्यासाठी काय पण," तो पुटपुटला. "मला वाटलं, वरून काही सूट आली असेल. मी... मी म्हटलं, मीच आणली."

"फुकटचं श्रेय महाग पडतं, बाळा."

"आणि त्या दिवशी दारातून विचारलंस ते पूर्ण काय होतं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "कर्जविमा काढू का, एवढंच?"

त्यानं डोळे मिटले. जीभ ओठांवरून फिरवली. "नाही. आधी म्हटलं होतं, काका, आकडा जड होतोय का? कर्जविमा काढू का? आणि त्यांनी..."

"कागदावर हात ठेवला," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती कोणाकडेच बघत नव्हती. पर्स तिच्या मांडीवरून घसरून खाली पडली होती.

"त्यांना नको असलं ना, की हात असा जायचा." तिनं उलट्या हातानं हवा बाजूला सारली. "आणि हवं असलं की असा." पंजा मॅनेजरच्या टेबलावर, गाडी परत घेण्याच्या कागदांवर पालथा ठेवला. "एवढी वर्षं बघितलाय मी तो हात. काचेतूनही बघितला. तरी कोणीतरी बाहेर येऊन सांगितलेलं खरं धरलं."

ती रडली नाही. हात मात्र तिनं बराच वेळ उचलला नाही, त्यामुळे मॅनेजरला त्याचे कागद काढून घेता येईनात.

"मागच्या तारखेचा विमा कोणतीही कंपनी देणार नाही," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"मला विमा नको. चूक कोणाकडून झाली तेवढं बोला," आत्या म्हणाली.

"आमच्याकडून," कर्जाच्या बाई म्हणाल्या. मॅनेजरच्या आधी. पेन त्यांनी टेबलावर ठेवून दिलं होतं. "मी एकदा उठून त्या खोलीत जायला हवं होतं. दहा पावलं होती."

मॅनेजरनं त्यांच्याकडे बघितलं, मग विक्रेत्याकडे, मग आईच्या हाताकडे. "आमच्याकडून," तोही म्हणाला. "भार आम्हालाच उचलावा लागेल. मालकांशी बोलतो."

"बोला," आत्या म्हणाली आणि पिशवीतून विणकाम काढलं. "मी बसते. आणि हे बघा, या दोघांपैकी कोणाची नोकरी गेलेली माझ्या कानावर येता कामा नये. यांना एवढंच शिकवा की उत्तर न्यायचं तर अर्थासकट न्यायचं."

७

मालक काही एका दिवसात वळले नाहीत. आत्याला आणखी दोनदा विणकाम घेऊन तिथे बसावं लागलं. दुसऱ्या खेपेला तिचा स्वेटर पुरा झाला आणि मालकांचा धीर संपला. कर्ज शोरूमनं मिटवलं. तो स्वेटर आत्यानं मधाच्या बोटाला दिला. "एसीत बसतोस दिवसभर," म्हणाली.

पण आईचं काम त्याच दिवशी झालं होतं. शोरूममधून बाहेर पडलो तेव्हा ती स्वतःहून गाडीकडे गेली. आत्या आत ठाण मांडून बसली होती, म्हणून आई पुढे, माझ्या शेजारी बसली. बाबा चालवत असताना ती तिथेच बसायची.

"ते मला काही बोलले नाहीत," ती म्हणाली. "आणि मीही विचारलं नाही. इतके दिवस मी त्यांच्यावर रागावून रडत होते."

मी वाकून तिचा सीटबेल्ट लावून दिला.

मी गाडी सुरू केली. गाडी जरा हलली तसा पुढचा खण आपोआप उघडला. आत बाबांचा चष्मा होता, काड्या मिटलेला. कडी नीट बसत नव्हती, रस्त्यावर एखादा खड्डा आला तर तो पडून फुटेल असं मला वाटलं.

"हा काढू का इथून?" मी विचारलं. "घरी नेऊन ठेवू?"

आईनं खण बंद केला. आणि त्याच्या झाकणावर पंजा पालथा ठेवून, समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली,

"राहू दे."